डिव्हायडिंग हेडवरचे विभाजक: २ ते १०० दात्यांचा तक्ता (प्रकल्प नोंदी, जून–जुलै २०२५)

३ जून

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या लहान शॉपमध्ये दुरुस्तीचे एक-दोन गिअर अजूनही मिलिंग मशीनवर, डिव्हायडिंग हेड (जॉब समान भागांत फिरवणारं साधन) लावूनच पाडतात. एका नगासाठी हॉबिंगचं (गिअर पाडायच्या खास मशीनचं) सेटिंग परवडत नाही. त्यांच्यासाठी एका पानाचा मराठी तक्ता करायचा आहे. २ ते १०० पैकी प्रत्येक दातेसंख्येला कोणती प्लेट (भोकांची वर्तुळं असलेली चकती), कोणतं वर्तुळ आणि किती गाळे (लगतच्या दोन भोकांमधली अंतरं), हे त्यात येईल. हँडबुकातले तक्ते असतात, पण त्यात काही संख्या गाळलेल्या असतात आणि त्या का गाळल्या हे तिथे लिहिलेलं नसतं. मिस्त्री मग दशांशात जवळचं काहीतरी धरतो आणि जॉब वाया जातो. म्हणून या तक्त्यात प्रत्येक अडलेल्या संख्येपुढे अडण्याचं कारण आणि पुढची वाट, दोन्ही हवीत.

हेड नेहमीचं, ४०:१ चं. हँडल ४० फेरे फिरवलं की जॉब एक फेरा फिरतो, म्हणजे हँडलचा एक फेरा म्हणजे जॉबवर ९ अंश. दात्यांची संख्या 'न' असेल तर दर दात्याला हँडलचे ४०/न फेरे. प्लेट ब्राऊन अँड शार्प पद्धतीच्या तीन, आकडे प्रत्येक वर्तुळातल्या भोकांचे:

पहिली: १५, १६, १७, १८, १९, २०
दुसरी: २१, २३, २७, २९, ३१, ३३
तिसरी: ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९

उदाहरण: २८ दाते. ४०/२८ = १० /७ = १ पूर्ण ३/७. ज्या वर्तुळातल्या भोकांना ७ ने भाग जातो ते घ्यायचं. २१ चं घेतलं तर १ फेरा आणि ९ गाळे, ४९ चं घेतलं तर १ फेरा आणि २१ गाळे. सगळा तक्ता या एका ओळीतून निघतो. पुढचं सगळं काम ही ओळ कुठे अडते ते शोधण्याचं.

५ जून

आधी २ ते १०० चे मूळ अवयव. हातानेही केले आणि पायथॉनमध्येही, म्हणजे ताळा पडेल.

हाताने करताना १०० पर्यंतच्या संख्येला फक्त २, ३, ५, ७ ने भागून बघायचं. १०० चं वर्गमूळ १०. संख्या संयुक्त असेल तर तिच्या दोन अवयवांपैकी लहान अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. दोन्ही मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. तक्ता पुढे ४०० पर्यंत वाढवला तरी १९ पर्यंतच्या आठ मूळ संख्या पुरतात. तिथे फसवणाऱ्या संख्या म्हणजे २२१ (१३ × १७), २४७ (१३ × १९), ३२३ (१७ × १९), ३९१ (१७ × २३). दिसायला अगदी मूळ.

१०० च्या आत फसवणाऱ्या चार: ५१, ५७, ८७, ९१. पहिल्या तिघींना ३ ची कसोटी लगेच पकडते (अंकांची बेरीज ६, १२, १५). ९१ ला मात्र ७ च लागतो. ७ ची कसोटी: शेवटचा अंक दुप्पट करून उरलेल्या संख्येतून वजा करा. ९ − २ = ७, म्हणजे भाग जातो. ९१ = ७ × १३.

प्रोग्रामने मूळ संख्या २९ दाखवल्या. १०० पर्यंत त्या २५ च आहेत हे पाठ असल्यामुळे चूक लगेच कळली. जादा चार होत्या ४, ९, २५, ४९, म्हणजे नेमके मूळ संख्यांचे वर्ग. विभाजक तपासण्याची फेरी 'वर्गमूळापेक्षा लहान' इथेच थांबत होती. ती 'लहान किंवा बरोबर' हवी. ही चूक कुणाच्याही हातून होते आणि लहान संख्यांवर सहज नजरेआड राहते. म्हणून तपासणीच्या यादीत ४९ कायमची घातली.

७ जून

आज खरा प्रश्न: कोणती संख्या साध्या इंडेक्सिंगने (एकाच वर्तुळावर गाळे मोजून) जमते?

पहिला नियम लिहिला तो असा: ४९ पर्यंतच्या सगळ्या जमतात, त्यापुढच्या मूळ संख्या जमत नाहीत, संयुक्त जमतात. शॉपमध्येही साधारण हाच समज आहे. पण ५१ वरच हा नियम पडला. ५१ = ३ × १७, संयुक्त आहे, १७ चं वर्तुळही आहे, तरी जमत नाही. ४०/५१ ला संक्षिप्त रूपच नाही. ४० आणि ५१ यांचा मसावि १, म्हणून छेद ५१ च राहतो आणि ५१ ने भाग जाईल असं एकही वर्तुळ तीन प्लेटांत नाही.

दुसरा नियम प्रोग्राममध्ये घातला तेव्हा आणखी मजबूत चूक झाली: 'वर्तुळाने छेदाला भाग जातो का' असं विचारलं गेलं. १७ ने ५१ ला जातो, म्हणून प्रोग्रामने ५१ 'जमते' म्हणून सांगितलं. उलट विचारायचं होतं: छेदाने वर्तुळाला भाग जातो का? भोकांची संख्या छेदाची पट असली पाहिजे, छेदाचा विभाजक असून उपयोग नाही. विभाजक आणि विभाज्य यांची अदलाबदल वहीत झाली तर एक मार्क जातो. इथे अख्खा ब्लँक (दाते पाडायची कोरी चकती) जातो.

बरोबर नियम, अपूर्णांक न सोडवता: ४० ला वर्तुळाच्या भोकांनी गुणा आणि न ने भागा. बाकी शून्य आली तर ते वर्तुळ चालतं, आणि भागाकार म्हणजेच गाळ्यांची एकूण संख्या. २८ साठी २१ चं वर्तुळ: ४० × २१ = ८४०, ८४० ÷ २८ = ३०. ३० गाळे म्हणजे २१ चा एक फेरा आणि वर ९. सगळं पूर्णांकात होतं, दशांश शिवायचाही नाही. एक्सेलमध्येही बाकी काढणारं सूत्रच वापरावं. भागून 'उत्तर पूर्ण आहे का' बघितलं तर शेवटच्या दशांश स्थळाचा घोळ होतो.

१० जून

निकाल. ५० पर्यंत एकही संख्या अडत नाही. ५१ ते १०० मध्ये २१ अडतात:

५१, ५३, ५७, ५९, ६१, ६३, ६७, ६९, ७१, ७३, ७७, ७९, ८१, ८३, ८७, ८९, ९१, ९३, ९६, ९७, ९९.

यात मूळ संख्या १० आणि संयुक्त ११. अडलेल्यांत संयुक्तच जास्त आहेत, म्हणजे '४९ च्या पुढे मूळ असेल तरच अडते' हा समज निम्म्याहून जास्त वेळा चुकतो. उलट १०० च्या आतली प्रत्येक पाचाची पट जमते, आणि सम संख्यांतली फक्त ९६ अडते. कारण ४० = २ × २ × २ × ५. तीन दोन आणि एक पाच हेडमधलं वर्म व्हील (४०:१ गुणोत्तर देणारं चाक) स्वतःच पुरवतं. प्लेटने फक्त उरलेला छेद द्यायचा असतो. ९६ मध्ये दोन पाच वेळा येतो (९६ = २⁵ × ३). त्यातले तीन ४० ने उचलले, उरलं २ × २ × ३ = १२, आणि १२ ने भाग जाईल असं वर्तुळ नाही. १६, १८, २० आहेत, पण २४ किंवा ३६ नाही.

प्लेट एकदा या नजरेने बघण्यासारख्या आहेत. १८ वर्तुळांपैकी ९ मूळ संख्यांची: १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७. म्हणजे १७ ते ४७ मधली एकही मूळ संख्या सुटलेली नाही. ७, ११, १३ ही २१, ३३, ३९ च्या पोटात आहेत. ४९ आणि २७ मुद्दाम घेतलेले वर्ग आणि घन. इरॅटोस्थेनिसची चाळणी ज्याने हाताने केली आहे त्याला ही भोकं ओळखीची वाटतील.

सिनसिनाटी पद्धतीची दोन बाजूंची प्लेट असेल तर (२४, २५, २८, ३०, ३४, ३७, ३८, ३९, ४१, ४२, ४३ आणि मागे ४६, ४७, ४९, ५१, ५३, ५४, ५७, ५८, ५९, ६२, ६६) ५१, ५३, ५७, ५९, ९६ सुटतात आणि अडलेल्या १६ उरतात. तक्त्यात तिचा वेगळा रकाना केला.

१२ जून

'जवळचं वर्तुळ' घेतल्याने नेमकं किती बिघडतं ते आकड्यात हवं होतं. ६३ दाते, मॉड्यूल (दात्याच्या आकाराचं माप) २ धरलं. ४०/६३ = ०.६३४९. या प्लेटांवर सगळ्यात जवळचं ४१ च्या वर्तुळावर २६ गाळे = ०.६३४१. फरक नगण्य दिसतो. पण तो ६३ वेळा साठतो: ६३ × २६/४१ = ३९.९५१ फेरे. ४० फेऱ्यांना ०.०४९ फेरा कमी, म्हणजे जॉबवर ०.४४ अंश. पिच वर्तुळाचा व्यास १२६ मिमी, म्हणून शेवटचा दाता ०.४८ मिमीने जास्त जाड. या गिअरच्या दात्याची जाडीच ३.१४ मिमी असते. असा गिअर दर फेऱ्याला एकदा ठोका देतो, आणि जोडीदार गिअरचे दाते खातो.

तक्त्याच्या वर ठळक ओळ घातली: बाकी शून्य नसेल तर ते वर्तुळ नाही.

१६ जून

अडलेल्या संयुक्त संख्यांसाठी कंपाउंड इंडेक्सिंग. कल्पना शाळेतल्या अपूर्णांकांच्या बेरजेचीच आहे, फक्त उलट्या दिशेने. छेदाचे दोन सहमूळ भाग करायचे आणि अपूर्णांक दोन वर्तुळांत फोडायचा. अट एकच: दोन्ही वर्तुळं एकाच प्लेटवर हवीत.

६३ = ९ × ७. ९ ची पट २७, ७ ची पट २१, दोन्ही दुसऱ्या प्लेटवर. लसावि १८९. ४०/६३ = १२०/१८९. २७ वर अ गाळे आणि २१ वर ब गाळे घेतले तर ७अ + ९ब = १२०. ब = ४ धरलं की ७अ = ८४, अ = १२. म्हणजे १२/२७ + ४/२१. ताळा: ४/९ + ४/२१ = २८/६३ + १२/६३ = ४०/६३.

हँडलवर हे दोन हालचालींत होतं. प्लेट मागच्या पिनने अडकवलेली ठेवून हँडल २७ च्या वर्तुळावर १२ गाळे पुढे न्यायचं आणि पिन बसवायची. मग मागची पिन काढून प्लेट आणि हँडल मिळून २१ च्या वर्तुळावर ४ गाळे फिरवायचे आणि मागची पिन बसवायची. यासाठी भोकं आरपार असावी लागतात आणि मागची पिन हव्या वर्तुळासमोर सरकायला हवी. काही हेडवर ती एकाच वर्तुळासमोर पक्की असते. काम सुरू करण्याआधी हे हेड उघडून बघायचं, नंतर नाही.

१८ जून

राहिलेल्या संयुक्तांची फोड. वजाबाकी म्हणजे दुसरी हालचाल उलट दिशेने.

५१: २/१७ + १०/१५ (पहिली प्लेट)
५७: ७/१९ + ५/१५ (पहिली)
६३: १२/२७ + ४/२१ (दुसरी)
६९: २२/३३ − २/२३ (दुसरी)
७७: २/२१ + १४/३३ (दुसरी)
८७: २२/३३ − ६/२९ (दुसरी)
९१: ६/३९ + १४/४९ (तिसरी)
९३: ११/३३ + ३/३१ (दुसरी)
९६: ३/१८ + ५/२० (पहिली)
९९: ६/२७ + ६/३३ (दुसरी)

७७ चा लसावि काढताना गंमत आली: २१ आणि ३३ चा लसावि २३१ = ३ × ७ × ११, आणि कोल्हापूरचा एसटीडी कोड ०२३१. इथल्या माणसाला हा लसावि पुन्हा काढावा लागणार नाही.

अकरापैकी दहा सुटल्या. राहिली ८१. ती ३⁴ आहे, तिचे दोन सहमूळ भाग पडतच नाहीत. ३ × २७ पाडले तर दोघांत ३ आहे आणि लसावि २७ च्या पुढे जात नाही. मूळ संख्यांचे तर भागच नाहीत. म्हणजे कंपाउंडनंतर अडलेल्या उरतात त्या १० मूळ संख्या आणि ८१. आता अडण्याचं कारण स्वच्छ आहे: जी संख्या सहमूळ तुकड्यांत तुटते ती दोन वर्तुळांत बसते, जी तुटत नाही तिला तिच्या एवढं मोठं वर्तुळच हवं. ही ओळ तक्त्याच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात.

२१ जून

६३ दात्यांची चकती, आधी फक्त खुणा. ब्लँकचा बाहेरचा व्यास मॉड्यूल २ ला २ × (६३ + २) = १३० मिमी. कटरचं टोक जेमतेम टेकवून ०.१ मिमीच्या रेघा पूर्ण फेरा मारल्या. ६४ वी रेघ पहिल्या रेघेवर पडली तरच पुढे जायचं.

पहिल्या फेरीत ती पडली नाही, २१ अंश पुढे गेली. या आकड्यावरूनच कारण सापडतं: २१ ÷ ६३ = १/३ अंश दर हालचालीला, आणि ९ ÷ २७ = १/३. म्हणजे २७ च्या वर्तुळावर प्रत्येक वेळी एक गाळा जास्त. सेक्टर आर्ममध्ये (मोजलेले गाळे धरून ठेवणाऱ्या दोन पट्ट्यांत) १२ गाळे ठेवायचे तर भोकं १३ मोजावी लागतात, कारण पिन ज्या भोकात आहे ते पहिलं. उलट दोन्ही बाजूंनी एकेक जादा भोक धरलं गेलं होतं. गाळे मोजायचे, भोकं नाही. आर्म लावताना बोट गाळ्यावर ठेवून मोजलं तर चुकत नाही.

बॅकलॅश (गिअरमधला ढिलेपणा): हँडल नेहमी एकाच दिशेने भोकावर आणायचं. पुढे गेलं तर अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा त्याच दिशेने यायचं. ६९ आणि ८७ मध्ये दुसरी हालचाल उलटी असल्याने हा त्रास दर दात्याला होतो. तिथे आधी दोन गाळे जास्त मागे जाऊन मग पुढे येत भोक गाठायचं. कापताना स्पिंडल (जॉब धरणारा दांडा) लॉक करायचा आणि पुढच्या दात्याआधी सोडायचा.

दुसरी फेरी बरोबर मिटली. दात्याची खोली ४.५ मिमी, दोन पासमध्ये. कटर ५५ ते १३४ दात्यांचा. नंबरावर जाऊ नये. मॉड्यूल आणि डीपी (इंची माप) संचांत नंबरांचा क्रम उलटा असू शकतो, म्हणून कटरवर कोरलेली दात्यांची मर्यादाच वाचावी. तपासणी आठ दात्यांवर माप घेऊन, २० अंशाच्या दात्याला क्लिअरन्सशिवाय ४६.०५ मिमी. एकाच जागी मापून थांबू नये. चार ठिकाणी मापावं आणि त्यात पहिला-शेवटचा दाता यायलाच हवा, कारण इंडेक्सिंगची चूक तिथे साठते.

२४ जून

'६१ किंवा ६३ दाते कुणाला लागतात, ६० का नको?' या प्रश्नाचं उत्तर तक्त्यात नसलं तरी नोंदीत असावं.

२० आणि ६० ची जोडी. लसावि ६०, म्हणजे लहान गिअरचा प्रत्येक दाता आयुष्यभर मोठ्याच्या ठरावीक तीन दात्यांनाच भेटतो. एखाद्या दात्यात खोट असेल तर तेच तीन झिजतात. २० आणि ६१ चा लसावि १२२०, प्रत्येक दाता प्रत्येकाला भेटतो आणि झीज पसरते. गुऱ्हाळाच्या चरकासारख्या ठिकाणी, जिथे भार एकसारखा नसतो, तिथे याचा उपयोग आहे. त्यासाठी संख्या मूळच असायला हवी असं मात्र नाही, सहमूळ असली की पुरे. २० ला ६३ ही चालतो (लसावि १२६०) आणि ६३ तर कंपाउंडने पडतो.

पण जुन्या गिअरबॉक्समध्ये दाते मनाला येतील तसे बदलता येत नाहीत. मॉड्यूल २ च्या २०–६० जोडीचं केंद्रांतर ८० मिमी. २०–६३ चं ८३. बॉक्स तोच ठेवायचा तर दात्यांची बेरीज ८० च राहिली पाहिजे. मग कोणत्या जोड्या सहमूळ? बेरीज ८० असेल तर दोघांचा मसावि म्हणजे लहान गिअर आणि ८० यांचा मसावि. ८० = २⁴ × ५. म्हणून लहान गिअरचे दाते विषम आणि पाचाची पट नसलेले घ्या: १९–६१, २१–५९. दोन्हीकडे मोठा गिअर मूळ संख्येचाच आला, म्हणून डिफरन्शियल इंडेक्सिंग (पुढे २ जुलैला) टाळता येत नाही. वेग थोडा बदलतो (३ च्या जागी ३.२१ किंवा २.८१), हे मालकाला आधी सांगायचं. आणि खोट असलेला दाता सहमूळ जोडीत सगळ्यांनाच मार देतो, हेही.

२७ जून

वर्तुळाकार टेबलावर (रोटरी टेबल) तपासलं, ९०:१ चं, प्लेट त्याच तीन. ९० = २ × ३² × ५. तीनपैकी दोन 'दोन' गेले, दोन 'तीन' आले. परिणाम बघण्यासारखा: ५१, ५७, ६३, ६९, ८१, ८७, ९३, ९६, ९९ या नऊही साध्या इंडेक्सिंगने जमल्या. ४०:१ वर कंपाउंडनेही न सुटलेली ८१ इथे ९०/८१ = १ पूर्ण १/९, म्हणजे १ फेरा आणि १८ च्या वर्तुळावर २ गाळे. एवढंच. संयुक्तांत फक्त ७७ आणि ९१ राहिल्या, कारण त्यांत ना ३ ना २.

पण २८ अडली. ९०/२८ = ४५/१४, आणि १४ ने भाग जाणारं वर्तुळ नाही. ४४, ५२, ५६, ६४ ही अडल्या. म्हणून ९०:१ चांगलं की ४०:१ चांगलं हा प्रश्न बरोबर नाही. जॉबच्या संख्येतला कोणता अवयव वर्म उचलतो ते बघायचं. ज्या शॉपमध्ये दोन्ही आहेत त्यांना १०० पर्यंत कंपाउंड लागतं ते फक्त ७७ आणि ९१ ला.

२ जुलै

डिफरन्शियल इंडेक्सिंग. हवी ती संख्या न, जवळची जमणारी संख्या अ. हँडल अ साठीच फिरवायचं, आणि स्पिंडलवरून गिअर जोडून प्लेटच सावकाश सरकवायची, म्हणजे फरक भरून निघतो. गिअरचं गुणोत्तर = (अ − न) × ४०/अ. अ मोठा असेल तर प्लेट हँडलच्या दिशेने, लहान असेल तर उलट. दिशा मधल्या आयडलरने बदलते. संचातले गिअर: २४ (दोन), २८, ३२, ४०, ४४, ४८, ५६, ६४, ७२, ८६, १००.

अ निवडणं हे पुन्हा अवयवांचंच काम आहे. ५३ साठी ५२ घेतलं तर गुणोत्तर १०/१३ आणि संचातल्या एकाही गिअरला १३ ने भाग जात नाही. ५४ घेतलं तर २०/२७, छेदात तीन वेळा ३, तोही एका जोडीत नाही. ५५ घेतलं: २ × ४०/५५ = १६/११ = ६४/४४. एकाच जोडीत काम झालं.

५३: अ ५५, ६४/४४, त्याच दिशेने
५९: अ ६०, ३२/४८, त्याच
६१: अ ६०, ३२/४८, उलट
६७: अ ७०, ४८/२८, त्याच
७१: अ ७०, ३२/५६, उलट
७३: अ ७०, ४८/२८, उलट
७९: अ ८०, २४/४८, त्याच
८१: अ ८०, २४/४८, उलट
८३: अ ८०, ४८/३२, उलट
८९: अ ९०, ३२/७२, त्याच
९७: अ १००, ४८/४०, त्याच

स्पिंडलवर पहिला (अंशातला) गिअर, वर्मच्या बाजूला दुसरा. प्लेट अडकवणारी मागची पिन काढलेलीच असायला हवी, नाहीतर हँडल फिरणार नाही किंवा पिन तुटेल. ५९ आणि ६१ चे गिअर अगदी तेच आहेत, फरक फक्त आयडलरचा. चुकून दुसरा लावला तर ६१ च्या जागी ५९ दाते पडतात. म्हणून इथे खुणांची फेरी सोडायचीच नाही आणि खुणा मोजायच्याही.

७ जुलै

डिफरन्शियलचे गिअर सगळ्यांकडे नसतात. त्यांच्यासाठी स्वतःची प्लेट. ६१ खुणांचं छापील वर्तुळ चकतीवर चिकटवून, ९० मिमी त्रिज्येवर ४ मिमीची भोकं हाताने पाडायची, दोन भोकांत अंतर ९.२७ मिमी. हाताची चूक ०.३ मिमी धरली तर ती ०.१९ अंश. पण वर्म ती ४० ने भागतो, जॉबवर ०.००५ अंशापेक्षा कमी उरते. ही ओबडधोबड प्लेट हेडला लावून तिच्यावरूनच दुसरी ६१ ची प्लेट पाडली, दर भोकाला ४० गाळे. ४० आणि ६१ सहमूळ, म्हणून एकही भोक सुटत नाही. दुसऱ्या प्लेटमध्ये त्याच ९० मिमी त्रिज्येवर पहिल्या प्लेटमधून आलेली चूक ०.००८ मिमीच्या आत, ड्रिल सरकण्याची चूक वेगळी. आधी सेंटर ड्रिल, मग ४ मिमी.

वर्तुळ पूर्ण मिटतं, म्हणून इथे चूक साठत नाही. १२ जूनला ०.३ पेक्षा किती तरी लहान दिसणाऱ्या फरकाने जॉब बिघडला होता आणि इथे ०.३ मिमीने बिघडत नाही, याचं कारण हेच.

११ जुलै

तक्ता ए-३ कागदावर, समोर २ ते १००, मागे कंपाउंड आणि डिफरन्शियल. कूलंटचे शिंतोडे उडतात म्हणून लॅमिनेशन. प्रत्येक ओळीत गाळे लिहिले, 'भोकं' हा शब्द फक्त वर्तुळाच्या नावात ठेवला. छापण्याआधी दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येक ओळ उलटी पडताळली: गाळे × न ÷ वर्तुळ = ४० यायलाच हवेत. एक ओळ चुकलेली सापडली (७८ ला ३९ वर २० च्या जागी २१), ती दुरुस्त केली.

पुढच्या पानासाठी मागणी १२७ ची आली, लेथच्या चेंज गिअरसाठी. १ इंच = २५.४ मिमी = १२७/५ मिमी, आणि १२७ मूळ आहे (२, ३, ५, ७, ११ पैकी एकानेही भाग जात नाही, १३ चा वर्ग १६९). त्यामुळे इंची लीडस्क्रूवर (लेथचा आटे पाडताना चालणारा मुख्य स्क्रू) अचूक मेट्रिक आटे पाडायला १२७ किंवा त्याची पटच लागते. ६३ चा गिअर घालून ८०/६३ ने भागवलं तर चूक ०.०१२५ टक्के, ३०० मिमी लांबीवर ०.०४ मिमीच्या जवळपास. बोल्टला चालेल, लीडस्क्रूला नाही. हेडवर १२७: अ १२०, हँडल १/३ फेरा (१८ वर ६ गाळे), गुणोत्तर ७/३ = ५६/२४, उलट दिशेने. खुणांची फेरी १२७ मोजून मिटली, ब्लँक सोमवारी लागेल.